ट्रकने निघालेला माल ‘सागरी’ कसा?

प्रश्न असा आहे : बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतलं कास्टिंग (धातूचा ओतीव भाग) ट्रकमध्ये चढतं, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापर्यंत रस्त्यानेच जातं. मग निर्यातीच्या आकडेवारीत ‘वाहतुकीचा प्रकार’ या रकान्यात ‘सागरी’ का? शब्द चुकला आहे का?

शब्द बरोबर आहे, पण तो सगळ्या प्रवासाबद्दल बोलत नाही. परदेशी व्यापाराच्या आकडेवारीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या ज्या शिफारशी आहेत, त्यांप्रमाणे माल देशाबाहेर पडताना किंवा देशात शिरताना ज्या प्रकाराने जातो, तोच नोंदवायचा. म्हणजे हद्द देशाची. आपल्या सीमाभागात ‘सीमा’ म्हटलं की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका आठवतो, पण या रकान्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तेच कास्टिंग ट्रकनेच बिहारच्या सीमेवरचं रक्सौल ओलांडून नेपाळात गेलं, तर ‘रस्ता’. बेळगावजवळच्या हत्तरगीत बनलेले विमानाचे सुटे भाग ट्रकने बेंगळुरूला आणि तिथून विमानाने परदेशी गेले, तर ‘हवाई’. भरलेला ट्रकच जहाजावर चढवून नेला तरी ‘सागरी’, कारण हद्द ओलांडतं ते जहाज.

आपला कायदाही शेवटचा टप्पाच बघतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५० नुसार माल जहाजाने किंवा विमानाने जाणार असेल तर ‘शिपिंग बिल’ (निर्यातीचं घोषणापत्र) भरायचं, जमिनीवरून जाणार असेल तर ‘बिल ऑफ एक्सपोर्ट’. त्यामुळे विमानाने जाणाऱ्या खोक्याचंही शिपिंग बिलच निघतं. बोलताना तर आपण कशालाही ‘शिपमेंट’ म्हणतो, मग या रकान्यात गोंधळ होणारच.

सागरी, रेल्वे, रस्ता, हवाई आणि टपाल हे प्रकार सरळ आहेत. गंमत उरलेल्यांत आहे. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंतची, २०१९ पासूनची पाइपलाइन नेपाळला डिझेल पोचवते. तिथे चालणारं वाहनच नाही, म्हणून पाइप आणि विजेच्या तारांचा वेगळा गट. विकलेलं जहाज स्वतःच निघालं, तर युरोपीय संघाच्या वाहतूक प्रकारांच्या क्रमांकयादीत त्याला ९ क्रमांक : स्वतःच्या शक्तीने. त्याच यादीत ६ हा क्रमांकच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतयादीत तो ‘बहुविध वाहतुकी’ला दिला आहे. पण हद्द ओलांडतानाचा एकच प्रकार धरायचा म्हटल्यावर ‘बहुविध’ लिहून काय कळणार?

मराठीत लिहिताना मी ‘प्रकार’ आणि ‘साधन’ वेगळे ठेवीन. ‘सागरी’ हा प्रकार, अमुक नावाचं जहाज हे साधन. आणि रकान्याचं नाव थोडं लांबलं तरी ‘देशाची हद्द ओलांडतानाचा वाहतूक प्रकार’ असंच लिहावं.