मीटिंगला ओळखीचे कोणी भेटले तर?

दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मदत गटात जाण्याचे सुचवले की त्याचा पहिला प्रश्न बहुधा गटाविषयी नसतोच. "तिथे आमच्या पेठेतले कोणी असले तर?" हे तो आधी विचारतो. कोल्हापुरात तालमीपासून भिशीपर्यंत जो तो कोणाचा तरी पाहुणा निघतो, त्यामुळे ही धास्ती पोकळ आहे असे म्हणता येत नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांनीही समुपदेशनाला आल्यावर मला हेच विचारले. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.) सोबत आलेल्या पत्नी तोवर गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मॅडम, हे पितात ते आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. सोडायला निघालेत, तेवढंच कुणाला कळू नये म्हणतात." माझे निम्मे काम त्यांनी तिथेच केले.

मात्र गटाच्या आधी डॉक्टर. या गृहस्थांचा हात सकाळी पहिला घोट पोटात जाईपर्यंत कपबशीही धरू शकत नसे. इतकी सवय जडलेल्या माणसाने मनाचा हिय्या करून घरच्या घरी एकदम दारू बंद केली, तर काही तासांतच थरथर, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम होऊन जीवावरही बेतू शकते. म्हणून त्यांना प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि काही दिवस दाखल राहून, औषधे व बी-१ जीवनसत्त्व घेऊन ते परतल्यावरच मीटिंगचा विषय काढला. खाजगी उपचार परवडत नसतील तर कोल्हापुरातील सीपीआरसारखे (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय आहे, आणि कोठून सुरुवात करावी हेच उमगत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. जवळच्या गटाचा वार, वेळ आणि जागा डॉक्टरांकडून किंवा गटाच्या फोनवरून कळते. फोन करताना 'खुली मीटिंग' कधी असते ते आवर्जून विचारावे, कारण तिला नातेवाइकांनाही बसता येते. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची असते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन दारुड्यांच्या भेटीतून उभी राहिली. बदनामीची भीती त्या दोघांनाही चुकलेली नव्हती. सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा पुरते, फी नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही, आणि मीटिंगमध्ये कोण दिसले, काय ऐकले ते बाहेर बोलायचे नाही ही परंपरा आहे. ती परंपरा आहे, कायदा नव्हे, हेही मी त्यांना स्पष्टच सांगितले. पण ज्याला तुम्ही तिथे दिसाल तो स्वतःही तिथे बसलेला असतो, ही साधी गोष्ट त्या परंपरेला बरीच बळकटी देते.

ते गेले. दाराजवळची खुर्ची धरून, हेल्मेट मांडीवर ठेवून बसले. एकेक जण पहिले नाव आणि "मी अल्कोहोलिक आहे" एवढे सांगून आपली हकिकत बोलत होता. मध्ये कोणी तोडत नव्हते, सल्लाही देत नव्हते. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरली आणि चहा आला. चहा घेताना समोर उभा होता त्यांच्याच फाउंड्रीतला, त्यांच्या हाताखालचा मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार! त्याने फक्त मान डोलावली, पण या गृहस्थांना तो चहा संपवता आला नाही.

पुढच्या आठवड्यात ते मीटिंगला फिरकलेच नाहीत. "ज्याला मी रोज कामावरून बोलतो, त्याच्यापुढं माझं घरचं कसं सांगू?" हा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटला. संकोच मोडून काढायलाच हवा, असा आग्रह काही समुपदेशक धरतात. मी धरत नाही. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाचा गट सुचवला, आणि कोणत्याही गटाविषयी दोन-चार मीटिंग केल्याशिवाय मत बनवू नका, असे सांगितले. नव्या गटात ते रुळले. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमधल्या ईश्वराच्या उल्लेखाने काहींना अडखळायला होते. अंबाबाईला नेमाने जाणाऱ्या या गृहस्थांना त्याची अडचण आली नाही.

अडचण आली ती सासुरवाडीच्या म्हाईला, म्हणजे गावजत्रेच्या जेवणाला. मटणाच्या पंगतीनंतर मेव्हण्यांच्या आग्रहाने ग्लास हाती आला आणि दोन दिवस गेले. आता कोणत्या तोंडाने गटात जायचे, असे ते फोनवर म्हणाले. याच तोंडाने जा, म्हटले, आणि जे घडले तेच सांगा. गटात कोणी दरडावले नाही. "परत आलात, बरं झालं," म्हणाले आणि दिवसांची मोजणी नव्याने सुरू झाली. गटातल्या एका जुन्या सभासदाने यात्रा-जत्रांच्या दिवशी सकाळीच त्यांना स्वतः फोन करायचे ठरवले. माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा तो फोन अधिक उपयोगी पडतो, कारण तो करणाराही त्याच पंगतीतून उठून आलेला असतो.

पत्नींचा प्रश्न निराळा होता: यांनी उद्या मीटिंग सोडली तर आपण काय करायचे? दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन हे स्वतंत्र गट असतात आणि तिथे जायला नवऱ्याची संमती, सोबत किंवा दारू सुटलेली असणे, यांपैकी काहीही लागत नाही. नवरा पीत असतानाही त्यांना तिथे जाता आले असते. त्या आता जातात; यांची मीटिंग असो वा नसो.