ब्रॉडबँडच्या लाइनवर जुना डायल-अप मोडेम लावला की नेट बंद पडतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की घरच्या लँडलाइनवर ब्रॉडबँड आहे, स्प्लिटर (म्हणजे फोन आणि ब्रॉडबँड वेगळं करणारी छोटी डबी) लावलेला आहे, फोन व्यवस्थित चालतो, पण विंडोज 98च्या जुन्या पीसीतला 56केचा मोडेम त्याच लाइनवर जोडून मित्राच्या पीसीला हायपरटर्मिनलवरून (विंडोजमधला मोडेमनं फोन लावायचा प्रोग्रॅम) फोन लावला की वायफाय मरतं, कधी नुसतंच 'नो डायलटोन' येतं, आणि चुकून जोडलं गेलंच तर स्पीड 24000 नाहीतर 26400 बिट्स पर सेकंद. हौस भारी आहे राव तुमची, मजा आली वाचून.

आता आधी उठा आणि तो स्प्लिटर बघा. त्याला तीन भोकं असतात, लाइन, फोन आणि मोडेम. तुमच्या पीसीची वायर 'मोडेम' लिहिलेल्या भोकातून आलीय ना, मध्ये डबल सॉकेट टाकून, एका बाजूला राउटर आणि दुसऱ्या बाजूला पीसी? माझी पैज आहे तिथूनच आलीय, कारण नावच मोडेम, मग कोणी पण तिथेच लावणार. पण ते भोक फक्त ब्रॉडबँडच्या मोडेमसाठी असतं. डायल-अप मोडेम हा लाइनच्या हिशोबात फोनच आहे हो, तो रिसिव्हर उचलतो, नंबर फिरवतो आणि आपण बोलतो त्याच पट्ट्यात, म्हणजे साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्ये, किंचाळतो. ब्रॉडबँडचं काम त्याच्या खूप वर, साधारण 25 किलोहर्ट्झच्या पुढं चालू होतं आणि एडीएसएल2+ (तांब्याच्या लाइनवरच्या ब्रॉडबँडचा एक प्रकार) असेल तर 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातं. दोघं एकाच तारेवर गुण्यागोविंदानं राहतात ते स्प्लिटरमधल्या फिल्टरमुळं, आणि तो फिल्टर फक्त 'फोन'च्या भोकावर असतो. बऱ्याच स्वस्त स्प्लिटरमध्ये 'मोडेम'चं भोक म्हणजे आतून थेट लाइनच असते, मध्ये काहीच नाही. म्हणून तिथं तुम्हाला डायलटोन पण मिळतो आणि वाटतं की बरोबर लागलंय, पण पीसीनं लाइन उचलली की राउटरला जोरात धक्का बसतो, तो सिंक, म्हणजे एक्स्चेंजशी जुळलेलं कनेक्शन, सोडतो, आणि इकडं वरच्या पट्ट्याचा सगळा कचरा डायल-अपच्या डोक्यात जातो.

तर पीसीची वायर 'फोन'च्या भोकात टाका. फोन पण हवा असेल तर पीसीच्या मोडेमला मागं दोन सॉकेट असतात, लाइन आणि फोन, त्यातल्या 'लाइन'मध्ये स्प्लिटरकडची वायर आणि 'फोन'मध्ये तुमचा फोन. ही वायर उलटी लागली तरी नाटकं करतं ते. आणि सेफ्टी म्हणून अजून एक फिल्टर मध्ये टाकू नका, एक बास, दोन लावले की आवाजाच्या वरच्या टोकाची वाट लागते आणि स्पीड अजून पडतो.

एवढं करून पण नेट जात असेल तर घरात कुठंतरी स्प्लिटरच्या आधी पॅरलल फाटा निघालेला असणार. मी मिरजेत बरीच वर्षं कॉम्प्युटर रिपेरी केली, तिथं एका पिठाच्या गिरणीवाल्यांचं असंच झालेलं. घर आणि गिरणी चिकटून, नेट घरात, आणि फोन आला की नेट गायब. मी दोन चकरा मारल्या, राउटर बदलला, स्प्लिटर बदलला, लाइनमनशी पण भांडलो आणि तो बिचारा म्हणतोय खांबापासून लाइन एकदम ओके आहे. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गिरणी चालू होती आणि मी आत उभा असताना छताखाली पिठानं पांढरी झालेली एक मोठी घंटी खणखणायला लागली. गिरणीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून मालकांच्या वडिलांनी कधी काळी ती घंटी थेट आत येणाऱ्या लाइनवर जोडून घेतलेली, आणि घरातल्या कोणालाच ती सांगायची गोष्ट वाटली नव्हती. तिची वायर स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला घेतली, विषय संपला. तुमच्याकडं घंटी नसेल, पण वरच्या मजल्यावरचा फोन, कॉलर आयडीचा डबा, जुनं फॅक्स, काहीतरी असतंच. बाहेरून येणाऱ्या वायरला पहिला स्प्लिटर, बाकी सगळं त्याच्या मागं.

'नो डायलटोन'चं कारण वेगळं असू शकतं. आपल्याकडचा डायलटोन 400 हर्ट्झचा, 25 हर्ट्झनं घुर्र करणारा, आणि अमेरिकेचा टोन ऐकायची सवय असलेले मोडेम त्याला ओळखतच नाहीत. त्यात व्हॉइसमेल किंवा कॉल डायव्हर्ट चालू असेल तर टोन तुटक येतो, मग तर विचारूच नका. हायपरटर्मिनलमध्ये डायल करायच्या आधी एटीएक्स3 टाइप करा (इंग्रजी अक्षरं, मध्ये स्पेस नको) आणि एंटर मारा, म्हणजे मोडेम टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरवतो. कॉल वेटिंग बंद करून ठेवा, तो मधला बीप आला की मोडेमला वाटतं समोरचा गेला. बंद होत नसेल तर एटीएस10=100, म्हणजे आवाज गेला तरी दहा सेकंद धीर धरतो.

आता स्पीड. 56के मिळणारच नाही, उगीच जीव काढू नका. 1998च्या व्ही.90 (56के मोडेमचं स्टँडर्ड) मध्ये 56के चालायचं कारण आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या, टोकाला डिजिटल लाइन असायची. दोन्हीकडं घरचे साधे मोडेम असतील तर व्ही.34, म्हणजे जास्तीत जास्त 33600. तुम्हाला 31200 मिळालं तरी पार्टी द्या. वायरी बरोबर लावून पण 26400च येत असेल तर राउटर प्लगसकट काढा, रिसिव्हर कानाला लावून एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबेल, आणि ऐका. खरखर असेल तर बाहेरचा जॉइंट ओला आहे, पावसाळ्यात हमखास, ते काम लाइनमनचं. राउटर जोडल्यावरच सूं ऐकू येत असेल तर स्प्लिटर खराब, नवीन आणा.

आणि हे सगळं करायच्या आधी खरं तर मित्राला एक फोन करून विचारा, त्याची लँडलाइन तांब्याची आहे की फायबरच्या डब्यातून निघालेली. फायबरवर आवाज पाकिटं करून जातो, त्यात एखादं पाकीट पडलं तरी आपल्याला बोलताना कळत नाही पण मोडेमला लगेच कळतं. त्याच्याकडं फायबर असेल तर 9600वर सेट करून बघा, नाहीच जमलं तर ज्याच्याकडं अजून तांबं आहे असा दुसरा मित्र शोधा.