साठीनंतर पेशंट सांभाळायचं काम: एका जुन्या कंडक्टरचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडच्या पतसंस्थेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, मुलगा-सून पुण्यात, सकाळचे अकरा वाजले की उरलेला दिवस अंगावर येतो. ओळखीच्या नर्सबाईंनी वृद्ध पेशंट सांभाळायचं काम सुचवलंय आणि घरचे म्हणतात, ‘या वयात आयाचं काम करणार?’ हे जमेल का आणि त्यातून जगण्याला काही अर्थ लाभेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी साताऱ्याचा. २०१५ साली ५८ व्या वर्षी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. आमची पेन्शन ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली, तिच्यात गॅस आणि लाइटबिल भागतं म्हणायचं. त्यामुळे मी या कामात आलो तो पैशासाठी, हे आधीच सांगतो. सेवाभाव वगैरे काही नव्हता. बायको तर हसली होती. ‘चाळीस वर्षांत स्वतःची कपबशी उचलली नाही, आणि आता दुसऱ्याचं बेडपॅन उचलणार!’ पण पुरुष पेशंटला पुरुष माणूस लागतो आणि असे फार कमी मिळतात. ओळखीतूनच पहिलं घर मिळालं. दिवसाची पाळी, सकाळी आठ ते रात्री आठ.

घाणीचं म्हणाल तर आठ दिवसांत सवय होते. नाकाला होते, मनाला पंधरा दिवस लागतात. लोक काय म्हणतील त्याला मात्र माझ्याकडे औषध नाही. माझ्या चुलतभावाने वर्षभर ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवली. पुढे त्याचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा पहिला फोन मलाच आला.

माझे पहिले पेशंट कोरेगाव भागातले शेतकरी. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणायचो. लकव्याने डावी बाजू गेलेली, बोलणं जड पण समजायचं. मुलाने उपचारासाठी साताऱ्यात आणून ठेवलेलं. मी कामाला लागलो तो एसटीच्या वेगाने. तोंड धुणं, दाढी, आंघोळ, कपडे, नाश्ता, सगळं साडेनऊच्या आत. घरचे खूश. तात्या दिवसेंदिवस गप्प होत गेले, जेवण चार घासांवर आलं.

त्यातच माझ्या हातून चूक झाली. एका दुपारी उशीला टेकवून, अर्धवट आडवे असतानाच चहा पाजला. ठसका लागला, थांबला, मीही विसरलो. दोन दिवसांनी ताप. चहा श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया झाला होता, दहा दिवस दवाखान्यात गेले. घरच्यांनी मला बोल लावला नाही, ते जास्त लागलं. तिथल्या सिस्टरने जे शिकवलं ते तुम्हाला फुकट देतो. लकवा झालेल्या माणसाला ताठ बसवूनच खायला द्यायचं, हनुवटी जरा खाली, घास चांगल्या बाजूच्या गालात. घट्ट पेजेपेक्षा पाणी आणि चहा जास्त धोक्याचे. जेवण झालं की लुळ्या बाजूच्या गालात अन्न राहिलंय का ते बघायचं आणि अर्धा तास आडवं करायचं नाही. उचलताना लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला लावायची, आपण लुळ्या बाजूला थांबायचं आणि स्वतःचे गुडघे वाकवायचे, नाहीतर कंबर आपली जाते. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल दिसलं तर चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. आणि कालपर्यंत नीट बोलणारा म्हातारा आज एकाएकी असंबद्ध बोलायला लागला तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. कित्येकदा लघवीचा जंतुसंसर्ग निघतो.

दवाखान्यातून आल्यावर एका सकाळी मी दाढीला बसलो तर तात्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. ‘ह्यो हात हाय की माझा. ह्यानं मी काय करू?’

मी आरसा त्यांच्यासमोर धरला आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. दाढीला पस्तीस मिनिटं लागली. साबण कानापर्यंत गेला.

मग गावाकडून घेवड्याचं पोतं आलं. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा तुम्हाला माहीत असेलच, अंगावर लाल रेघा असतात, भौगोलिक मानांकनही मिळालंय. सूनबाई निवडायला बसल्या होत्या. मी एक ताट उचलून तात्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवलं. एका हाताने, एकेक दाणा. किडका डावीकडे, चांगला उजवीकडे. मी मदतीला हात घातला तर म्हणाले, ‘ए कंडक्टर, ह्यो किडका न्हाय दिसत? डोळं हायत का बटनं?’ कित्येक आठवड्यांनंतरचं ते त्यांचं पहिलं लांबलचक वाक्य. त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली. पुढे मी चांगल्या दाण्यांत मुद्दाम दोन-चार किडके मिसळायला लागलो. त्यांना ते कळत होतं, असं मला आता वाटतं.

तुम्ही अर्थाबद्दल विचारलंय म्हणून हे एवढं लांबवलं. मला वाटायचं, माझं काम म्हणजे त्यांचं सगळं करणं. खरं काम होतं ते त्यांच्यासाठी काहीतरी करायचं शिल्लक ठेवणं. अकरा वाजता दिवस तुमच्या अंगावर येतो ना, तसा त्यांच्याही येतो, फक्त त्यांना उठून बाहेर जाता येत नाही. घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड. ‘आम्ही पैसे देतो आणि तुम्ही बाबांना घेवडा निवडायला लावता?’ हे वाक्य मी एका घरी ऐकलंय, ते काम महिनाअखेरीला सुटलं.

आता व्यवहाराचं. साठीत चोवीस तासांचं काम घेऊ नका आणि वजनदार, पूर्ण झोपून असलेला पेशंट तर मुळीच नको. चार-सहा तासांचं, चालत्याबोलत्या आजींचं घर शोधा. वेळ, कामं आणि सुट्टी पहिल्याच दिवशी ठरवून लिहून घ्या, नाहीतर हळूहळू भांडी आणि नातवाचा डबाही तुमच्याकडे येतो. ब्युरोतून, म्हणजे पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून गेलात तर त्यांचं कमिशन किती ते आधी विचारा. पेशंटचे दागिने, एटीएम, पासबुक यांना हात लावायचा नाही, कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही. इस्टेटीच्या भांडणात पहिलं बोट आपल्याकडे वळतं. एखाद्या घरी म्हाताऱ्यांचे हाल दिसले तर १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर लक्षात ठेवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांकडून पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते रद्दही होऊ शकतं. ७० वर्षांवरच्या पेशंटचं आयुष्मान कार्ड काढलंय का तेवढं घरच्यांना विचारा, पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. बरीच घरं यात मागे असतात.

तात्या दोन वर्षांनी गेले. तेराव्याला मला बोलावणं आलं नाही, विसरले असतील. त्यानंतर मी लगेच दुसरं घर धरलं आणि ते चुकलं. नव्या माणसाला मी तात्यांच्या मापाने मोजत होतो. पंधरा दिवस तरी मध्ये ठेवा.

सध्या माझ्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत, वय ८१, स्मृतिभ्रंश. दिवसभर शांत. संध्याकाळी पाचला पिशवी घेऊन दारात उभे राहतात, ‘शाळा सुटली, रहिमतपूरला घरी जायचंय.’ घरचे समजावायचे की हेच घर, मग आरडाओरडा. मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो, ‘गुरुजी, गाडी अजून फलाटाला लागली नाही, बसा.’ व्हरांड्यात दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि गाडी लागल्यावर डबल बेल दिली. माहुली, त्रिपुटी, कोरेगाव असे थांबे मी पुकारतो. कोरेगाव येईपर्यंत ते निवांत झालेले असतात, मग चहा. सूनबाईंना आधी हे खोटं बोलणं वाटलं. वाटू दे. तेहतीस वर्षं जे थांबे ओरडलो ते कुठे कामाला येतील असं मला तरी कुठे वाटलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी तिकीट मागितलं. मी म्हटलं, ‘पंचाहत्तरच्या पुढे एसटी फुकट आहे, गुरुजी.’ तर चिडले, ‘मी अजून नोकरीत आहे!’ आणि रिकामी मूठ पुढे केली. मी ते पैसे घेतले, कॅलेंडरचा तुकडा फाडून दिला आणि सवयीने बोलून गेलो, ‘सुटे नाहीत.’

‘मग मागे लिहून द्या.’

मी तुकड्याच्या मागे ‘बाकी २ रु.’ लिहून सही केली. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, विसरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल काढत होतो तेवढ्यात ते तुकडा घेऊन समोर आले आणि हात पुढे केला.