तीन लाल कार्डं आणि ‘ह्यात पुढे काय?’

खेळणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ह्यात पुढे काय? कबड्डी असेल तर त्या प्रश्नात पोलिस भरतीची आशा मिसळलेली असते. चालण्याच्या शर्यतीबद्दल मात्र तो नुसत्या काळजीचा असतो. मालवणजवळच्या गावातल्या एका वडिलांनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, “मॅडम, चलान कोणाचां पोट भरतां?”

जूनचे दिवस होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून ट्रॉलरवर खलाशी असलेल्या ह्या गृहस्थांना कुडाळपर्यंत यायला सवड मिळाली होती. सोबत बायको आणि बारावीत गेलेली मुलगी. (तिघांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी राज्य पातळीवरच्या ५ किलोमीटर चालण्यात तिसरी होती. शेवटचा थोडा पल्ला राहिला असताना तिला बाद करण्यात आलं. घरी आल्यावर तिनं बूट कपाटावर टाकले आणि ‘संपलं’ म्हणून सांगितलं. आता हे खरंच संपवायचं की नाही, ते मी ठरवून द्यावं अशी वडिलांची अपेक्षा होती.

बाद झाल्याच्या आठवड्यात करिअरचा निर्णय घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. तेव्हा ‘पुढे काय’ असं जे विचारलं जातं, त्याच्या पोटात भलतंच काहीतरी दुखत असतं. म्हणून तिघांशी वेगवेगळं बोलले.

वडिलांचं दुखणं पैशाचं नव्हतंच. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, “तीन पंचांनी पकडल्यानी तिका. माज्या चेडवान लबाडी केल्यान काय?” वाडीत त्यांनी कुणाला ही गोष्ट कळूच दिली नव्हती. तीन जणांनी लाल कार्ड दाखवलं म्हणजे पोरीनं चोरी केली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. नोकरीचं, भविष्याचं बोलणं सगळं त्यावर पांघरलेलं.

त्यांच्यासमोर कागदावर पावलं काढून मी नियम समजावला. चालताना एक तरी पाऊल जमिनीला टेकलेलं दिसलं पाहिजे. आणि पुढे टाकलेला पाय टेकल्या क्षणापासून शरीराच्या सरळ खाली येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. पंच हे नुसत्या डोळ्यांनी बघतात, कॅमेऱ्यानं नाही. चूक होत आलीसं वाटलं तर पिवळी पाटी दाखवून सावध करतात. चूक स्पष्ट दिसली तर मुख्य पंचाकडे लाल कार्ड जातं. वेगवेगळ्या तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की स्पर्धक बाद होतो. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत आता तिसऱ्या कार्डाला आधी दंडकक्षात थांबावं लागतं, २० किलोमीटरला २ मिनिटं, आणि चौथं कार्ड आलं तरच बाहेर. जगातल्या उत्तम चालपटूंचे दोन्ही पायसुद्धा क्षणाचा अगदी बारीक अंश हवेत असतात. डोळ्याला ते दिसत नाही एवढंच. वेग वाढला, दम संपत आला, की दिसायला लागतं. ही तंत्रातली चूक आहे. लबाड माणूस पंचांचा डोळा चुकवतो, ही मुलगी सगळ्यांच्या देखत दमली होती.

मग त्यांना दोन माणसं सांगितली. ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये २० किलोमीटरला सगळ्यांच्या पुढे होती. स्टेडियमच्या तोंडाशी, स्वतःच्या देशातल्या प्रेक्षकांसमोर, तिला बाद केलं गेलं. २००४ला अथेन्समध्ये त्याच शर्यतीत तिनं कांस्यपदक मिळवलं. पोलंडचा रॉबर्ट कोझेनिओव्स्की १९९२ला बार्सिलोनात ५० किलोमीटरला दुसरा चालला होता आणि अगदी शेवटाजवळ बाद झाला. पुढे त्यानं चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. वडील बराच वेळ कागदावरच्या पावलांकडे बघत होते. “ह्या कोणी आमका सांगूकच नाय,” ते म्हणाले. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. खेळाडूच्या घरी पदकाची बातमी पोचते, नियम पोचत नाहीत.

आईची गोष्ट निराळी होती. त्या बाजारात मासळी विकतात, बोलायला खमक्या. पण म्हणाल्या, “कंबर हलवत चलता म्हणान लोक हसतत तिका. उद्या सोयरिक येतली तेव्हा?” ह्या भीतीला वेडगळ म्हणणाऱ्यातली मी नाही. छोट्या गावात नाव आणि चाल दोन्ही लोक लक्षात ठेवतात. मी त्यांना एवढंच सांगितलं की गुडघा सरळ ठेवून पाऊल लांब टाकायचं तर कमरेला फिरावंच लागतं, ती कंबर नियमानं फिरते. आणि विचारलं, ह्या हसण्यातून मुलगी रोज एकटी जाते, हे तुम्हांला माहीत आहे का? त्यांना माहीत नव्हतं.

मुलीनं मला जे सांगितलं ते ऐकून पुढचा सगळा उलगडा झाला. बाईकवरची पोरं तिच्या मागे तिच्यासारखं चालून दाखवायची. म्हणून ती उजाडायच्या आधी जायला लागली, मग किनाऱ्यावर, मग नुसती घरामागच्या अंगणात. रेती मऊ, तिच्यात पाय रुततो आणि गुडघा सरळ राहत नाही. अंगणात दहा पावलांवर वळावं लागतं. म्हणजे लाजेपायी तिचा सरावच बिघडला होता. शर्यतीत तर ती रस्ता बघतच नव्हती, पंचांचे चेहरे बघत होती. पंच जवळ आला की खांदे वर, मुठी घट्ट, पाऊल आखूड. अंग असं आवळलं की गुडघा वाकतो, हे तिच्या प्रशिक्षक सरांनीही मला फोनवर सांगितलं. भीती कार्डाची होती आणि कार्डं भीतीनंच ओढवून आणली होती.

इथं आमचं काम सुरू झालं. तंत्र सरांकडे, त्यात मी बोट घातलं नाही. माझ्याकडे होतं ते बघितलं जाणं सोसायला शिकणं. पहिल्यांदा गावावरच्या सड्यावरचा, म्हणजे पठारावरचा, सपाट रस्ता, सकाळी सहा वाजता, आई वळणावर उभी. काही दिवसांनी सोबत शाळेतल्या दोन मुली. मग शाळा सुटायच्या वेळी, सगळ्यांच्या नजरेसमोर. प्रत्येक पायरीवर ‘हसले तर काय होईल’ हे आधी लिहायचं आणि ‘काय झालं’ हे नंतर. बहुतेक वेळा काही झालं नाही. एकदा पोरं हसली, तेव्हा आईनं त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. पंचांसाठी वेगळी रीत: सर पिवळी पाटी घेऊन कुठेही उभे राहायचे, आणि पाटी दिसली की तिनं श्वास सोडून खांदे खाली टाकायचे, मनात ‘टाच’ म्हणायचं. पाटी म्हणजे शिक्षा नाही, वेळेवर मिळालेली माहिती आहे, हे तिच्या अंगाला कळायला पावसाळा गेला.

मध्येच एक गोष्ट निघाली, जी मी प्रत्येक खेळाडू मुलीला विचारते: पाळी नियमित आहे का? चार महिने आली नव्हती. बारीक असलं की वेग वाढतो असं कुणीतरी सांगितल्यामुळे ती रात्रीचं जेवण सोडत होती. सराव जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर पाळी थांबवतं, पुढे हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं. ‘खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं’ म्हणून हे सोडून देणाऱ्या घरांचा मला राग येतो. मी तिला लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. औषध सुरू झालं, आणि रात्री भात, बांगडा, कुळथाची पिठी ताटात परत आली.

करिअरचं बोलणं आम्ही सप्टेंबरात केलं, तेव्हा सगळे शांत होते. ह्या खेळात आपल्याकडे माणसं आहेत. प्रियांका गोस्वामीनं २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर चालण्यात रौप्यपदक मिळवलं, ती रेल्वेत नोकरी करते. राम बाबूनं हॉटेलात वेटरचं काम केलं, रोजगार हमीवर माती उचलली, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३५ किलोमीटरच्या मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक आणलं. पण मी वडिलांना हेही स्पष्ट सांगितलं की चालून पोट भरणारे थोडेच. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याला ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतलं पदक लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी लागते, जागा निघावी लागते आणि परीक्षाही पास व्हावी लागते. पदवी नसेल तर ह्यातलं बरंचसं हातचं जातं. म्हणून शिक्षण की खेळ असा प्रश्न मी मांडूच दिला नाही.

वयाची घाई नाही, हे मात्र मी मुद्दाम सांगितलं. पोर्तुगालच्या जुआव व्हिएराला २०१९च्या जागतिक स्पर्धेत ५० किलोमीटरचं रौप्य मिळालं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. सतराव्या वर्षी बाद झालेल्या मुलीसमोर खूप वर्षं आहेत.

ठरलं ते असं: बारावीच्या परीक्षेआधीचे दोन महिने सराव अर्धा. मग कणकवलीला बीकॉम. घरातून खर्च फक्त बुटांचा आणि स्पर्धेच्या प्रवासाचा, कर्ज काढून अकादमी नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाअखेर सगळे पुन्हा बसणार. तोवर वेळ सुधारत असेल तर १० किलोमीटरची तयारी, नसेल तर पंचांची परीक्षा किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी ह्यांचा विचार. ह्यातला पंच होण्याचा पर्याय मुलीनं स्वतः सुचवला.

पुढच्या हंगामात ती राज्य स्पर्धेत पाचवी आली. एक लाल कार्ड मिळालं, पण शर्यत पूर्ण झाली. वडिलांचा फोन आला तो क्रमांक सांगायला नव्हता. स्पर्धेचं प्रमाणपत्र पडताळणीसाठी कुठं द्यायचं आणि मूळ प्रत घरी ठेवायची की झेरॉक्स चालेल, हे त्यांना विचारायचं होतं. पाचव्या क्रमांकावर आरक्षण मिळत नाही, पण मूळ प्रत जपून ठेवा, असं मी सांगितलं.