रिमॅप केलेली गाडी आणि फ्लेक्स-फ्युएल किट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी लिनिया टी-जेट रिमॅप केलेली आहे, म्हणजे गाडीच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली, अंदाजे १५० बीएचपी. ऑनलाइन एक स्वस्त डबा मिळतो, तो इंजेक्टरच्या कपलरमध्ये अडकवला की गाडी इथेनॉलवर चालते म्हणतात. तो घ्यावा की सेन्सरवालं फ्लेक्स-फ्युएल किट (पेट्रोल-इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर गाडी चालवणारं)? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

डबा घेऊ नका. तो एवढंच करतो की ईसीयूने (इंजिनाच्या कंप्युटरने) इंजेक्टरला जितका वेळ उघडायला सांगितलं, त्यात ठरावीक टक्के वाढ करतो. टाकीत इथेनॉल किती आहे हे त्याला कळत नाही आणि इग्निशन टायमिंगला तर तो हातच लावत नाही. कंपनीच्या मूळ सेटिंगची गाडी हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर थोडीफार चूक सांभाळून घेतो. रिमॅप केलेल्या गाडीत फुल थ्रॉटल आणि फुल बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) मात्र सगळी भिस्त मॅपवर, म्हणजे ईसीयूत भरलेल्या इंधन-टायमिंगच्या तक्त्यांवर असते. तिथे मिश्रण लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, तर पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटते, आणि इंजिन उघडण्याचा खर्च किटच्या कितीतरी पट होतो.

म्हणून इंधनातलं इथेनॉल मोजणारा सेन्सर हवा, आणि तो वाचू शकणारा ईसीयूही हवा. खरेदीआधी ट्यूनरला एकच गोष्ट विचारा : मूळ ईसीयूमध्ये इथेनॉलचं इनपुट घेऊन तुम्ही पेट्रोल आणि इथेनॉलच्या दोन मॅपमध्ये ब्लेंड करू शकता का? उत्तर नाही असेल, तर इथेनॉल इनपुट असलेला पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडून चालणारा) किंवा स्टँडअलोन (त्याच्या जागी बसणारा) ईसीयू लागेल. तो खर्च आधीच धरून ठेवा. सेन्सर हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आता इंधनाचा हिशेब. पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ : १ लागतं, ई८५ ला (८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला) ९.८ : १ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन बरंच जास्त ओतावं लागतं. १५० बीएचपीच्या टर्बो इंजिनाला पेट्रोलवर तासाला साधारण ५५ लिटर लागतात, ई८५ वर ७१ लिटर. चार इंजेक्टर आणि ८० टक्के ड्युटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर प्रत्येकी ३७० सीसी प्रति मिनिट. पण रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचा दाब) ३.५ बारला कायम असेल आणि बूस्ट १ बार असेल, तर इंजेक्टरच्या दोन टोकांत फरक उरतो २.५ बारचाच. इंजेक्टरवरचा आकडा बहुधा ३ बारला मोजलेला असतो, त्यामुळे गरज ४०५ पर्यंत जाते. ४४० सीसीचे घ्या. त्यांचा डेड टाइम (उघडायला लागणारा उशीर) कोणत्या व्होल्टेजला किती, याचा तक्ता विक्रेत्याकडून मिळत असेल तरच घ्या, कारण तो नसेल तर आयडलिंग कधीच नीट बसत नाही. पंप ४ बारला किमान ९५ लिटर प्रति तास देणारा हवा. पंपाच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा कमी प्रेशरचा असू शकतो, म्हणून पंपाचा फ्लो ग्राफच बघावा.

आणखी एक. आपल्या पंपांवरचं साधं पेट्रोल आता ई२० आहे. परदेशातून आणलेल्या रेडीमेड मॅपचा ‘पेट्रोल’वाला तक्ता बहुधा ई० किंवा ई१० वर बनलेला असतो. बेस मॅप इथल्या पेट्रोलवर वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून नव्याने बसवून घ्या. मीटर लॅम्डामध्ये (आदर्श मिश्रण म्हणजे १, त्याखाली इंधन जास्त) ठेवा, म्हणजे इंधन बदललं तरी आकड्याचा अर्थ तोच राहतो. फुल बूस्टवर ०.८० ते ०.८२ ठीक.

प्रश्न : सेन्सर कुठे बसवायचा? माझ्या मेकॅनिकने इंजिनाजवळ साध्या पाइपात क्लिप लावून बसवला, आता रीडिंग उड्या मारतं. (एक वाचक, लातूर)

रिटर्न लाइन असेल तर रिटर्नवर बसवा. नसेल तर फिल्टरनंतर फीड लाइनवर, टर्बो आणि मॅनिफोल्डपासून लांब, ब्रॅकेटवर घट्ट. प्रचलित सेन्सरची नळी ३/८ इंची क्विक-कनेक्टची असते. तिच्यावर साधा पाइप चढवून क्लिप आवळली तर आज ना उद्या गळणार. आपल्याकडच्या ८ मिमी लाइनसाठी अ‍ॅडॅप्टर लावा. होज पीटीएफई किंवा एसएई ३०आर१४ दर्जाचा घ्या. साधा रबर इथेनॉलने फुगतो, आतून सुटतो आणि त्याचे काळे कण थेट इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात. टाकीच्या आत पंपाला जोडलेला तुकडा वेगळाच, ३०आर१०, कारण तो बाहेरूनही इंधनात बुडालेला असतो.

उड्या मारणारं रीडिंग मात्र बहुतेक वायरिंगचं असतं. तीन वायरी : १२ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. सिग्नल वायर स्वतः व्होल्टेज देत नाही, ती फक्त अर्थला जोडते आणि सोडते. म्हणून ईसीयूच्या बाजूला ५ व्होल्टला पुल-अप रेझिस्टर लागतो, साधारण २.२ ते ४.७ किलोओहम. काही ईसीयूंमध्ये तो आतच असतो. अर्थ बॉडीला न देता ईसीयूच्या सेन्सर अर्थला द्या, इग्निशन कॉइलच्या वायरीशेजारून सिग्नल नेऊ नका. मग मल्टिमीटर फ्रीक्वेन्सीवर ठेवून तपासा : शून्य टक्क्याला ५० हर्ट्‌झ, शंभर टक्क्यांना १५०. टाकीत पंपाचं ई२० असेल तर ७० च्या जवळपास दिसलं पाहिजे. १८० च्या वर गेलं तर इंधनात पाणी किंवा भलतंच काही आहे.

सिग्नल तुटला तर काय करायचं हे ट्यूनरने ठरवलंय का, तेही विचारा. शून्य टक्के धरलं आणि टाकीत ई८५ असेल तर मिश्रण लीन. पंच्याऐंशी धरलं आणि टाकीत ई२० असेल तर आगाऊ टायमिंगने नॉकिंग (इंधन भलत्या वेळी पेटून बसणारे ठोके). बरोबर पद्धत अशी : इंधनासाठी शेवटचं खात्रीचं रीडिंग धरायचं, टायमिंग पेट्रोलचं ठेवायचं आणि बूस्ट खाली आणायचा.

प्रश्न : गाडी १.० टीएसआय आहे, रिमॅप झालेली. इंजेक्टर बदलले की झालं का? (एक वाचक, जालना)

नाही. ही डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारी गाडी, इथे आधी हाय प्रेशर पंपाचा दम संपतो. मूळ पंपावर साधारण ई३० ते ई४० ही व्यवहार्य हद्द. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलवर एक पूर्ण दौड लॉग करा. मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर यात फरक पडू लागला की तिथेच थांबायचं. वर सांगितलेला कपलरवाला डबा या इंजेक्टरांना लावायचाच नाही, ते सुमारे ६५ व्होल्टच्या झटक्यावर उघडतात.

प्रश्न : गाडी इथेनॉलवर चालते. थंडीत सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. प्लग बदलू का? (एक वाचक, परभणी)

आधी कोल्ड स्टार्टचा तक्ता बघा. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि थंड इथेनॉलची वाफ धरत नाही. क्रँकिंगचं (सेल्फ मारतानाचं) इंधन तापमान आणि इथेनॉल टक्का दोन्हींवर वाढवावं लागतं. ट्यूनिंग मे महिन्यात झालं असेल तर हा भाग हमखास अंदाजाने भरलेला असतो. तोवर थंडीत टाकी ई५० च्या आसपास ठेवा. उगाच सेल्फ मारत राहू नका, जादा इंधन सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं. छोट्या फेऱ्या जास्त असतील तर ऑइल ५,००० किमीला बदला. झाकणाखाली सायीसारखा थर दिसला तर त्याआधीच. प्लग हीट रेंजमध्ये एक नंबर थंड घ्या, गॅप ०.६ ते ०.७ मिमी, पण ते बूस्टसाठी. सकाळच्या तक्रारीवर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : जवळच साखर कारखान्याची डिस्टिलरी आहे. तिथून स्पिरिट मिळालं तर चालेल का? आणि आरटीओची अडचण येते का? (एक वाचक, धाराशिव)

स्पिरिट चालणार नाही. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते ई२० मध्ये ओतलं तर पाणी-इथेनॉल खाली बसून वर पेट्रोल राहू शकतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. इंधनात मिसळायचं इथेनॉल निर्जल, ९९.५ टक्क्यांचं असतं. शिवाय परवान्याशिवाय अल्कोहोल बाळगणं हा गुन्हा आहे, उत्पादन शुल्क खातं कारवाई करू शकतं.

रीतसर वाट म्हणजे ई१०० विकणारा पंप. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत १८३ पंपांवर ते सुरू झालं. त्यात साधारण ९३ टक्के इथेनॉल असतं. ४० लिटरच्या रिकाम्या टाकीत १६ लिटर ई१०० आणि २४ लिटर ई२० म्हणजे जवळपास ई४९. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असा पंप नसेल तर किटचा खर्च आज करू नका. पैसे चांगल्या ई२० मॅपवर घाला.

भेसळीची शंका असेल तर १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली इंधन घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. ई२० असेल तर खालचा थर २८ मिलीच्या आसपास येतो.

आरटीओबद्दल : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंधन बदलणाऱ्या किटला नोंदणी प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि बदलाची नोंद आरसीवर हवी. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतरचा क्लेम अडतो. किट विकणारा ‘कागदपत्रं नंतर बघू’ म्हणत असेल तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.