दीड तासाची रजा

प्रश्न : ताई, सासूबाईंना पक्षाघात होऊन पाच महिने झाले. दर दोन तासांनी कूस बदलायची, शिवाय ऑफिसचं काम. मैत्रीण महिलांच्या दीड तासाच्या साप्ताहिक बैठकीला बोलावते. पण तिथे रडू फुटलं तर?

उत्तर : फुटू दे की! आईच्या आजारपणात मीही अशाच एका मंडळात गेले होते, तेही दाराशी दोनदा घुटमळून. पहिल्या दिवशी एक अक्षर बोलले नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी सहज विचारलं, "झोपून झोपून आईच्या पाठीला जखम नाही ना झाली?" आणि माझे डोळे भरून आले. चौकशी सगळेच करत. हा प्रश्न मात्र ते काम स्वतः केलेल्या बाईचा होता. कुशीवर वळवल्यावर पाठीशी आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची, टाचा अधांतरी ठेवायच्या, हे त्यांनीच समजावलं. डॉक्टरांनीही सांगितलं असेल, पण डोक्यात शिरलं ते तिथे.

सगळ्याच बैठकी अशा नसतात. सल्ल्यांचा मारा झाला तर खुशाल उठून या. मात्र त्या दीड तासासाठी नवऱ्याला आधीच कामाला लावा, कूस बदलायची वेळ कागदावर लिहून द्या. 'जमलं तर बघ' म्हणू नका. ते कधीच जमत नाही.