ऐन प्रयोगात ब्लँक झालो तर?

‘मॅडम, पाठांतर चोख आहे. पण ऐन वेळी ब्लँक झालो तर?’ ऑगस्टच्या सुमारास पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीतून थेट माझ्याकडे आलेली कॉलेजची मुलं हे विचारतात. दिवाळीच्या आगेमागे राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करणारे हौशी नट विचारतात. पुण्यात समुपदेशन करायचं म्हणजे नाटकवाले येणारच, आणि त्यांतले निम्मेअधिक हीच चिंता घेऊन येतात. प्रत्येकाला वाटतं, हे फक्त आपल्यालाच होतं. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते.

वय चाळिशीच्या पुढे. दिवसा भोसरीत इंजिनिअरची नोकरी, संध्याकाळी एका हौशी संस्थेत तालीम. संस्थेने नाटकवाल्यांवरचंच एक विनोदी नाटक बसवायला घेतलं होतं. एका नाटक कंपनीचा शुभारंभाचा प्रयोग, रुसून बसलेली नायिका, नको तेव्हा उघडणारी दारं, विंगेतून गायब झालेली प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणारं सामान आणि भर प्रयोगात संवाद विसरणारा एक घाबरट नट. या घाबरट नटाची भूमिका यांच्याकडे होती. पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरात ठरला आणि त्या दिवसापासून यांची झोप उडाली.

विनोदी नाटकात ही भीती जरा जास्तच असते. गंभीर नाटकात नट थबकला तर प्रेक्षक त्याला अभिनय समजून सांभाळून घेतात. फार्समध्ये तशी मुभा नसते. वाक्य संपता संपता दार उघडलं नाही की हशा गेलाच. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक नेमके कुठे हसणार हेही कुणाला ठाऊक नसतं. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं आणि जास्त थांबलं तर लय पडते. तेव्हा यांची धास्ती निराधार नव्हती, आणि तसं मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं.

‘विसरलो तर संपलंच,’ ते म्हणाले.
‘काय संपलं?’
‘मी.’

प्रयोग संपेल किंवा संस्थेचं नाव जाईल असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, मी. पुढच्या भेटींत लहानपणची एक आठवणही निघाली. गणेशोत्सवात कविता म्हणताना अडखळले होते आणि घरी आल्यावर वडील म्हणाले होते, ‘चारचौघांत मान खाली घालायला लावलीस.’ मी ती आठवण नीट ऐकून घेतली, पण तिथे मुक्काम केला नाही. माझं मत या बाबतीत पक्कं आहे. वडील ते एकदाच बोलले. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं तेच वाक्य हे गृहस्थ स्वतःला ऐकवत आले. वडिलांचं बोलणं बदलता येत नाही, आपलं स्वतःशी चाललेलं बोलणं बदलता येतं.

मग मी त्यांना संहिता घेऊन यायला सांगितलं. म्हटलं, तुमचं पात्र विसरतं तो प्रवेश मला करून दाखवा. ते खुलले. ‘तो तर माझा हुकमी प्रवेश! तालमीत सगळे हसतात.’ खुर्ची बाजूला सारून उभे राहिले. वाक्य अर्ध्यावर तोडलं, नजर हळूच विंगेकडे गेली, जिभेने ओठ ओले केले, हात उगाच खिशात गेला. माझ्या खोलीत विंग नाही, पण मलाही ती दिसली.

‘किती वेळ थांबलात?’
‘पाच सेकंद. दिग्दर्शकाने मोजून दिलेत.’
‘त्या पाच सेकंदांत कसं वाटतं?’
‘मजा येते. अख्खं थिएटर आपल्या हातात आहे असं वाटतं.’
‘आणि खरंच विसरलात, तर सुचायला किती वेळ लागेल?’
ते विचारात पडले. ‘तेवढाच. समोरचा सावरतोच तोवर.’
‘प्रेक्षकांना फरक कळेल?’
‘या नाटकात? मुळीच नाही.’
‘मग फरक आहे कुठे?’

बराच वेळ ते संहितेची पानं उगाच चाळत राहिले. मी काही बोलले नाही. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ते मी दिलं असतं तर त्यांच्या वहीत गेलं असतं आणि तिथेच राहिलं असतं. अखेर ते म्हणाले, ‘नाटकातला मी विसरतो तेव्हा मी स्वतःला काही म्हणत नाही. खराखुरा मी विसरलो, की म्हणतो, लायकी नाही तुझी.’

इतक्या वर्षांच्या कामात मला जी वाक्यं ऐकायला मिळाली, त्यांत या वाक्याची जागा फार वरची आहे. तीच शांतता, तेच पाच सेकंद, तोच रंगमंच. एकीकडे मजा, दुसरीकडे मरण. म्हणजे भीती त्या शांततेत नव्हती, शांततेवर त्यांनी स्वतः दिलेल्या निकालात होती. मी ज्या विचारांवर काम करते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचं सार एवढंच की प्रसंग आपल्याला थेट घाबरवत नाही, प्रसंगाबद्दलचा आपला हट्ट घाबरवतो. ‘प्रयोग चांगला व्हावा’ ही इच्छा माणसाला तालमीला नेते. ‘चूक होताच कामा नये, झाली तर मी नालायक’ या हट्टापायी झोप जाते. एलिस स्वतः तरुणपणी भाषणाला विलक्षण घाबरायचे आणि मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलायला उभे राहून त्यांनी ती भीती घालवली.

म्हणून आम्ही ठरवलं, एका तालमीत मुद्दाम एक वाक्य विसरायचं. फक्त दिग्दर्शकाला कल्पना द्यायची. त्यांनी तसं केलं. समोरच्या बाईंनी क्षणात अॅडिशन घेतली, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य टाकलं, ‘अहो बोला की, नाइट घेतलीये ना?’ नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन. तालमीत एवढा हशा झाला की दिग्दर्शकाने ते वाक्य ठेवूनच दिलं. विसरण्याच्या क्षणानंतरही एक क्षण येतो, आणि त्यात आपण एकटे नसतो, हे मी कितीही समजावलं असतं तरी इतकं पटलं नसतं.

शुभारंभाला त्यांची धडधड गेली होती का? नाही. पहिल्या अंकात त्यांनी दोन वाक्यं गाळली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी फोनवर हे त्यांनी असं सांगितलं, जणू रात्री जेवायला काय होतं ते सांगताहेत. माझ्या दृष्टीने काम झालं.

धडधड जावी अशी अपेक्षाच धरू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटाला पन्नाशी उलटल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना काही वर्षं रंगमंचाच्या भीतीने ग्रासलं होतं. नाटक चालू असताना सहनटाने विंगेत, आपल्याला दिसेल असं उभं राहावं अशी विनंती ते करत. त्या काळातही ते कामं करत राहिले. घसा कोरडा पडणं, हात गार होणं, सारखं बाथरूमला जावंसं वाटणं ही अॅड्रेनॅलिनची कामं आहेत. बहुतेकांत हा जोर एंट्रीच्या आधी आणि पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो. म्हणून पहिली चार-पाच वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत. बाकीचे संवाद बसून घोकण्यापेक्षा हालचालींसकट पाठ करा. उठणं, वळणं, कप उचलणं यांना बांधलेलं वाक्य सहसा निसटत नाही. थिएटरवर लवकर पोहोचा, रिकाम्या रंगमंचावर उभे राहून शेवटच्या रांगेपर्यंत नजर टाका. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. त्या दिवशी चहा-कॉफी बेताने घ्या.

रंगपटात कुणीतरी हमखास गोळीही सुचवतं. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं हृदयाची गती कमी करतात, पण दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. आणि भीतीपायी तालमी चुकू लागल्या, भूमिका नाकारल्या जाऊ लागल्या किंवा नोकरीतही बोलणं टाळलं जाऊ लागलं, तर प्रयोगाची तारीख येण्याची वाट न पाहता मदत घ्या.

दिग्दर्शकांनाही एक विनंती. तिसऱ्या घंटेआधी ‘घाबरू नकोस’ म्हणू नका, त्याने नटाचं लक्ष भीतीकडेच जातं. त्याऐवजी ‘मस्त चेव चढलाय, आता मजा येणार’ असं म्हणा. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी कराओके गाणाऱ्यांवर प्रयोग केला होता, तेव्हा गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ म्हणणारे ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले होते. नव्या सूचना, बदललेली मूव्हमेंट, कापलेलं वाक्य हे सगळं दुसऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवा. नट फारच पांढराफटक पडला असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून त्याचं पहिलं वाक्य एकदा म्हणून घ्या आणि त्याला विंगेत सोडा.